पाण्यात राहिलेली नऊ घरं

या मित्रांनो, सरकून बसा. ज्याला घाई असेल त्याने आत्ताच जावं, कारण माझं बोलणं लांबतं आणि मध्येच उठून जाणाऱ्या माणसाचा मला राग येतो. बसलात तर एक गोष्ट सांगतो. एका खोट्याची गोष्ट आहे. ते खोटं माझ्याच पोटात होतं, आणि तरीही मी कोणापुढे मान खाली घालणार नाही. का, ते ऐकलंत की कळेल.

मी एक जुना चित्रांचा ग्रंथ आहे. अंगाने एवढा की मला काखेत मारता येत नाही, दुखऱ्या वासरासारखं पोटाशी धरून न्यावं लागतं. पाठीला तपकिरी चामडं, कडेला सोनेरी रेघ, आत बेचाळीस चित्रं. बंदरं, साहेबांचे बंगले, घड्याळाचे मनोरे, धबधबे, डोंगर, झाडं. समुद्रापलीकडून आलेल्या साहेब लोकांनी जी गावं घेतली, त्यांची ही चित्रं. घेतली म्हणजे बाजारात घेतात तशी नव्हे, काय ते समजून घ्या.

आणि एक सांगून टाकतो. मला वाचता येत नाही. हसताय काय? पाठीवर साखरेचं पोतं असलं म्हणून बैलाचं तोंड गोड होत नाही. माझ्या अंगावर काय लिहिलंय ते मला लोकांच्या तोंडून कळलं. पण ऐकायला मी पक्का आहे. कागद सगळं ऐकतो.

जन्माने मी चिंध्या. फाटके सदरे, विटक्या चादरी, कोणाकोणाच्या घामाची कापडं. ती कुजवली, कुटली, लगदा केला, चाळणीवर पसरला आणि त्याचा कागद झाला. म्हणजे खानदान विचाराल तर ते असं. पुढे मला सोनेरी रेघ लागली ती लागली, पण मी माझ्या चिंध्या विसरलेलो नाही.

तिथून छापखान्यात गेलो. तिथे एक कारागीर तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचा. सुईसारखं हत्यार, डोळ्याला भिंग, पाठीला कायमचं कुबड. हिंडून चित्रं काढणारा चित्रकार वेगळा, तो कागद आणून द्यायचा आणि हा ते तांब्यावर उतरवायचा. तिसावं चित्र नदीच्या वळणाचं होतं. काठावर होड्या बांधणाऱ्या लोकांची नऊ घरं होती, शेजारी म्हशीसारखा बसलेला एक खडक आणि खाली संथ पाणी. कारागिराने सगळं जसंच्या तसं कोरलं. पहिला छाप साहेबाकडे गेला आणि साहेब बिथरला. त्याला त्या काठावर लाकडाची वखार टाकायची होती. वरच्या मोठ्या साहेबांना दाखवायचं होतं की जागा मोकळीच पडली आहे, कोणाला उठवायचीसुद्धा गरज नाही. तो म्हणाला, ही घरं काढा.

तांब्यावरची रेघ काढणं म्हणजे पाटी पुसणं नव्हे. आधी खरवडायचं, मग पत्रा पालथा घालून मागून ठोकायचा, मग गुळगुळीत होईपर्यंत घासायचा. कारागीर तीन दिवस घासत होता. नऊच्या नऊ घरं गेली. त्या जागी त्याने गवत कोरलं. चित्राखाली साहेबाच्या भाषेत दोन शब्द आले, ओसाड काठ.

आणि इथे त्याच्या हातून चूक झाली. अशी चूक तुमच्याआमच्या हातून व्हायचीच नाही, त्याच धंद्यातला माणूस ती करू शकतो. कारण कोरणारा कामाला बसला की त्याला घर दिसत नाही, झाड दिसत नाही, नुसत्या रेघा दिसतात. काठावरची घरं त्याने घासून काढली. पाण्यात पडलेलं त्यांचं प्रतिबिंब त्याला पाण्याच्याच रेघा वाटल्या. ते राहून गेलं. सगळ्या साठ प्रतींचे कागद तसेच छापून दोरीवर वाळत पडले. त्यातला एक मी.

आता रंग. एका लांब टेबलाशी चार बायका बसायच्या. एक आकाश रंगवायची, एक झाडं, एक कपडे-छपरं, एक पाणी. पाण्यावर होती कारागिराची वहिनी, थोरल्या भावाची बायको. तोंडाने फटकळ, हाताने देवी. तिने मला समोर ओढलं, कुंचला बुडवला आणि तशीच थांबली.

"भावजी, हा काठ कुठला?"

कारागीर काहीतरी पुटपुटला.

"कुठला काय विचारते मी तरी. माझं माहेर आहे हे. घरं कुठे गेली?"

त्याने साहेबाचं नाव घेतलं. तिने मला जवळ घेतलं, लांब धरलं, आणि मग अगदी हळू म्हणाली, "वरची काढलीत. पाण्यातली तशीच आहेत."

कारागिराचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला. त्याने हात जोडले. वहिनी, जाड निळा लावून टाका, माझ्या पोटावर पाय येईल, पोरं उघड्यावर पडतील, असं सगळं म्हणाला. तिने त्याला मध्येच तोडलं.

"तुमच्या पोरांची मी काकू आहे, वैरीण नाही. एकोणसाठ निळी करते. एक माझ्या माहेराची."

आणि मांजराच्या मिशीएवढ्या कुंचल्याने तिने माझ्या पाण्यातल्या नऊ छपरांना लाल रंग लावला. एवढासा, तांदळाच्या कणीइतका. तिने फुंकर मारून मला वाळवलं आणि थप्पीत सरकवलं. तिला पुन्हा मी पाहिलं नाही.

पुढचे दिवस मानाचे होते, खोटं कशाला बोलू. साहेबाच्या दिवाणखान्यात माझ्यासाठी वेगळं मेज होतं. प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पडदा, नव्या नवरीसारखा. पाहुणे आले की साहेब एक एक पान उलटायचा. बायका म्हणायच्या, किती सुंदर धबधबा. पुरुष बंदर बघून माना डोलवायचे. तिसाव्या चित्रापाशी साहेब बोट आपटून सांगायचा, बघा, माणूस नाही काणूस नाही, नुसतं गवत. मी आतल्या आत ओरडायचो, अरे खाली बघा की! पण चित्र बघणारा माणूस काठ बघतो. पाण्याकडे कोण लक्ष देतो.

ती वखार काही झाली नाही. पहिल्याच वर्षी नदीने तिचे खांब उचलून नेले आणि साहेबाची बदली झाली. काठावरची माणसं मात्र होती तिथेच राहिली. फळ्या तासल्या, होड्या बांधल्या, पोरं झाली, नातवंडं झाली. जागेचा कागद म्हणून त्यांनी कधी केला नाही. आपण इथे राहतो हे राहण्यावरूनच दिसतं, असं त्यांना वाटायचं.

साहेब लोक गेले तेव्हा मी जड म्हणून मागे राहिलो. मग एका कचेरीच्या कोंदट खोलीत कपाटाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली माझी नेमणूक झाली. किती वर्षं, मोजली नाहीत. कसर लागली, उंदराने एक कोपरा चाखून बघितला, त्याला आवडलं नसावं. माझी एकोणसाठ भावंडं कुठे कुठे गेली. बऱ्याच जणांची चित्रं कापून चौकटीत बसवली म्हणे, हॉटेलात, दवाखान्यात, कुठेही. शेवटी कोणीतरी कपाट हलवलं आणि मी ग्रंथालयात आलो. पाठीवर चिठ्ठी लागली, दुर्मिळ. दुर्मिळ म्हणजे कुलूप. एवढा अर्थ मला अनुभवाने कळला.

आता खरी गोष्ट ऐका.

ग्रंथालयाच्या तळमजल्यावर एक बाई फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. मैद्याची खळ शिजवते, पाठी शिवते, पानं चिकटवते. सगळे तिला खळवाली म्हणतात, तीही ओ देते. एका सकाळी ग्रंथपालांनी मला तिच्या टेबलावर आणून ठेवलं. तिच्याकडे न बघताच म्हणाले, तिसावं पान सुटत आलंय, सोमवारी सुनावणी आहे, त्याच्या आत बसवून द्या.

ते का बघत नव्हते, ते मला मग कळलं. नगरपालिकेला नदीकाठी फिरायला फरसबंद रस्ता करायचा होता. बाकं, दिवे, कारंजं, सगळं. काठावरच्या वस्तीला तिने नोटीस दिली होती की तुम्ही हल्ली हल्ली येऊन बसलात, उठा. पुरावा काय, तर मी. माझं तिसावं चित्र. आणि त्या वस्तीतलं खडकाजवळचं घर या खळवालीचं. सासरे, नवरा, दोन मुली, सगळी तिथे. म्हणजे जे पुस्तक तिला घराबाहेर काढणार होतं, ते तिनेच नीटनेटकं करून द्यायचं होतं.

तिने पान उघडलं. खालचे दोन शब्द मोठ्याने वाचले, ओसाड काठ. मित्रांनो, इतक्या वर्षांत ते दोन शब्द मी शेकडो वेळा ऐकले असतील. पण तिच्या तोंडून ऐकले आणि मला माझीच शाई कडू लागली.

दुपारी तिचे सासरे आले. होडीवाले म्हातारबाबा. हात फळीसारखे, अंगाला डांबराचा वास. ते माझ्याकडे असे बघत होते की कसरीलासुद्धा भीती वाटावी. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग घसा खाकरून म्हणाले, "पान सुटलंच आहे म्हणतेस. एखादं पान गळालं तर कोणाला कळतंय?"

खळवाली सुई ओवत होती. तिने वर बघितलं नाही.

"बाबा, तुम्ही भोक असलेली होडी कधी पाण्यात सोडलीत?"

"नाही. का?"

"मग मला फाटकं पुस्तक सोडायला सांगू नका."

म्हातारबाबा चिडले. होडीवाल्याच्या घरात पुस्तकाची कड घेणारी सून आली, आमचं नशीबच थोर, आता ते पुस्तकच डोक्यावर घेऊन झोपू म्हणे. पण उठून गेले नाहीत. तिथेच स्टुलावर बसून राहिले, तोंड भिंतीकडे.

मला विचाराल तर मी म्हणत होतो, फाड बाई. खुशाल फाड. खोटी साक्ष द्यायला उभं राहण्यापेक्षा चूल पेटवायला गेलेलं बरं. पण ती कारागीर होती. तिने मऊ ब्रशने माझी धूळ काढली, जुना डिंक खरवडला, पातळ कागदाची पट्टी कापली. डावी कड झाली. दुसऱ्या बाजूने खळ लावायला हात पोचेना, म्हणून तिने मला टेबलावर गर्रकन फिरवलं. माझं डोकं तिच्या पोटाकडे आलं.

आणि तिला लाल ठिपके दिसले.

डाग आहेत असं वाटलं तिला. जुन्या कागदावर तांबूस डाग पडतात, ते ती रोज काढते. तिने कापसाचा बोळा ओला केला. मित्रांनो, कपाटाखाली वर्षानुवर्षं चिरडलो तेव्हा घाबरलो नव्हतो तेवढा त्या बोळ्याला घाबरलो. वहिनीचं माहेर एका पुसण्यात गेलं असतं. बोळा टेकला. एक छप्पर किंचित फिकटलं, ते आजही फिकट आहे, पहिल्या नंबरचं. तेवढ्यात तिचा हात थांबला. डाग असे ओळीत पडत नाहीत, असं ती स्वतःशीच म्हणाली. भिंग घेतलं. वाकली. बराच वेळ वाकलेलीच होती.

मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बाबा, इकडे या. हात लावू नका, नुसतं बघा."

म्हातारबाबा रुसलेलेच आले. भिंग डोळ्याला लावलं. त्यांचे ओठ हलायला लागले, मोजत होते. नऊपर्यंत गेले. मग परत पहिल्यापासून. दारं दिसत होती, एका दारासमोर वाळत टाकलेलं जाळं दिसत होतं. शेवटी त्यांनी खडकाकडे बोट नेलं, पण टेकवलं नाही. एवढंच म्हणाले की हा आपला म्हशा खडक, पोरं अजून याच्यावरून उड्या मारतात.

सुनावणी कचेरीतल्या एका अरुंद खोलीत होती. वर कुरकुरणारा पंखा, मध्ये टेबल, टेबलामागे एक अधिकारी बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नगरपालिकेकडून एक काळा कोट. वस्तीतली माणसं भिंतीला टेकून उभी. काळ्या कोटाने मला उघडलं आणि साहेबासारखंच बोट आपटलं. बघा, माणूस नाही काणूस नाही.

म्हातारबाबा म्हणाले, पुस्तक फिरवा. खालचं वर करा.

काळा कोट हसला. "पुस्तक उलटं धरून वाचायची पद्धत आहे वाटतं ह्यांच्यात."

खोलीत दोघं-तिघं हसले. म्हातारबाबा हलले नाहीत.

"होय साहेब. होडीसुद्धा आम्ही उलटी करूनच बघतो. सरळ ठेवली की भोकं दिसत नाहीत."

अधिकारी बाईंनी मला स्वतः फिरवलं. खळवालीने भिंग पुढे केलं. बाईंनी ते घेतलं आणि पाण्यातल्या लाल ठिपक्यांवर धरलं. मग काळा कोट जागा झाला. हे काहीतरी नंतर रंगवलेलं आहे म्हणाला, कालपर्यंत पुस्तक कोणाच्या टेबलावर होतं बघा, त्याच बाईच्या. माझं सगळं अंग तापलं. खळवालीचाही चेहरा लाल झाला, पण आवाज नाही चढला. ती म्हणाली, रंग कधीही लावता येतो, रेघ लावता येत नाही. कोरलेल्या पत्र्याची शाई कागदावर उठून बसते, खपलीसारखी. उजेड तिरका धरा आणि रंगाखाली बघा.

तेव्हा काळ्या कोटाने हुकमाचा एक्का काढला. माझं दुसरं एक भावंड होतं म्हणे, नगरपालिकेच्याच भिंतीवर टांगलेलं. तो ते आणून बसला होता. चौकटीतलं तिसावं चित्र, पाणी गडद निळं, एक लाल ठिपका नाही. हे बघा खरं चित्र, असं म्हणून त्याने ते माझ्या शेजारी ठेवलं.

किती वर्षांनी भेटलो आम्ही. एकाच दोरीवर वाळलो होतो. ते कापलेलं, चारी बाजूंनी छाटलेलं, काचेखाली गुदमरलेलं. उन्हाने आकाश पार उडालं होतं.

अधिकारी बाईंनी काच काढायला लावली. खिडकीतला उजेड तिरका घेतला, भिंग धरलं आणि त्या निळ्याखाली बघत राहिल्या. मग मोजलं, मोठ्याने. एक, दोन, तीन. नऊ. जाड रंगाखाली सगळी घरं होती. माझ्या भावंडाने इतकी वर्षं ती तोंडात धरून ठेवली होती.

काळ्या कोटाने आणलेल्या पुराव्यानेच काळ्या कोटाचा घसा धरला. तरी तो म्हणाला की चित्रकाराची कल्पना असेल, पाण्यात काय कोणी काहीही काढेल. त्यावर म्हातारबाबा टेबलाजवळ आले.

"बाई, मी शाळेत गेलो नाही. पण पाण्याशेजारी जन्म काढलाय. हा खडक वर आहे आणि खालीही आहे. झाड वर आहे आणि खालीही आहे. घरं खाली आहेत, वर नाहीत. पाणी आपल्या मनाने काही काढत नाही. काठावर असेल तेच ते दाखवतं. मग वरची कोणी काढली, ते ह्यांना विचारा."

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि लिहायला घेतलं. आठ दिवसांनी निकाल आला. काठ ओसाड नव्हता, चित्र काढणाऱ्याने तिथे घरं पाहिली होती, सबब नोटीस रद्द. वस्तीत त्या दिवशी काय काय झालं ते मला ठाऊक नाही, मी कुलपात होतो. पण दुसऱ्या दिवशी खळवाली कामावर उशिरा आली आणि तिचा आवाज पार बसला होता.

आता माझ्यावर नवीनच संकट आलं आहे. मी प्रसिद्ध झालो ना. ग्रंथालयाच्या मंडळींना मला काचेच्या पेटीत ठेवायचं आहे, दाराशी, वर दिवा लावून. आणि उघडून ठेवायचं कुठलं पान? बंगल्याचं. ते छान दिसतं म्हणे. खळवाली ग्रंथपालांशी भांडते आहे की सतत उजेड पडला तर रंग उडतील आणि एकच पान उघडं राहिलं तर पाठ मोडेल. ती तिच्या परीने बरोबर आहे. माझं कारण वेगळं आहे. मी माझं भावंड काचेखाली बघितलं आहे. बेचाळीस चित्रांतली एकेचाळीस अजून कोणी नीट बघितलेली नाहीत. धबधब्याच्या चित्रात एक पायवाट अर्ध्यात तुटते. बंदराच्या चित्रात एका भिंतीची सावली आहे आणि भिंत नाही. मी काय सांगणार, मला वाचता येत नाही. पण माझ्या पोटात अजून कोणाकोणाची घरं असतील, आणि ती बाहेर आल्याशिवाय मी म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या वाघासारखा दिव्याखाली बसणार नाही. ज्यांनी माझ्याकडून खोटं वदवलं, त्यांच्या बंगल्याचं पान उघडून तर मुळीच नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. या. ग्रंथपालांना सांगा, ते मोठं चित्रांचं पुस्तक बघायचं आहे. ते म्हणतील फार जुनं आहे, फाटेल. तुम्ही उभेच राहा, ते माणूस म्हणून वाईट नाहीत, किल्ली देतात. हात धुऊन कोरडे करून या, खाऊ बाहेर ठेवा, पान कोपऱ्याला थुंकी न लावता वरच्या कडेने उलटा. घाई करू नका. आणि बसायचं तर खिडकीजवळच्या टेबलाशी बसा, तिथे उजेड तिरका येतो.